मेक्सिकन स्ट्रॅट: बदलावी, सुधारावी की आहे तशी ठेवावी?

मंद्र

गिटार फेंडर स्टँडर्ड स्ट्रॅटोकास्टर, एन्सेनाडा कारखान्यातली. हेडस्टॉकवरचा क्रमांक एमएक्स१२ ने सुरू होतो, म्हणजे २०१२ ची. शिसवी फिंगरबोर्ड, २१ फ्रेट (पडदे), सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (दांडा दाबून सूर हलवायचा ब्रिज), तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप. एकही भाग बदललेला नाही. तारा ९-४२ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत).

तक्रारी तीन. ब्रिज पिकअप कानात टोचतो, आणि गेन वाढवला की आवाज पातळ व हम जास्त. ट्रेमोलो वापरला की जी तार सुरात परत येत नाही. वरच्या फ्रेटवर जाड तारांचे दोन सूर एकदम लागल्यासारखे ऐकू येतात, ट्यूनर गोंधळतो.

समोर प्रस्ताव आहे: ही गिटार आणि वर ३५ हजार रोख देऊन गिब्सन लेस पॉल स्टुडिओ. नेक हाताला इतका बसलाय की देववत नाही, हीच अडचण. काय करावं?

चौथा पडदा

मंद्र, तुमच्या तिन्ही तक्रारी सेटअपच्या असू शकतात. आधी मोजा, मग विका. हा क्रम चुकला की चांगली गिटार जाते आणि तीच तक्रार नव्या गिटारवर परत येते.

लागणारी हत्यारं: ट्यूनर, कॅपो, मिलिमीटरची बारीक पट्टी, डिजिटल कॅलिपर आणि फीलर गेज. फीलर गेजसाठी गिटारच्या दुकानात जाऊ नका, मोटारसायकलच्या स्पेअर पार्ट्सवाल्याकडे टॅपेट सेट करायचं मिळतं, तेच हे.

नवीन तारा लावून, सुरात लावून, गिटार वाजवायच्या स्थितीत धरून मोजा. आडवी टेबलावर ठेवली की नेक वेगळा वागतो.

रिलीफ (नेकचा किंचित बाक): पहिल्या फ्रेटवर कॅपो, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर फट बघा. ०.२५ मिमी हवी. ०.४ च्या वर असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. एका वेळी पावच. मग सूर लावून परत मोजा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, कारण लाकूड लगेच बसत नाही. चावी पूर्ण आत गेली नसताना जोर लावला तर रॉडच्या नटाचे कोपरे गोल होतात आणि मग नेक कारागिराकडेच न्यावा लागतो.

ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची): सतराव्या फ्रेटवर, दोन्ही बाजूंना १.६ मिमीच्या आसपास. रिलीफ कमी केला की ॲक्शनही उतरते, म्हणून हे नंतर.

पिकअपची उंची: दोन्ही बाहेरच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून पोलपासून तारेपर्यंतचं अंतर. जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला १.६ पासून सुरुवात करा. तुमची तिसरी तक्रार बहुतेक इथेच सुटेल. चुंबक तारेच्या फार जवळ असला की तार नीट थरथरू शकत नाही, ओव्हरटोन मूळ सुराशी जुळत नाहीत आणि एकाच तारेतून दोन सूर येतात. यावर इंटोनेशनचे (वरच्या फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवायचे) स्क्रू फिरवत बसणारे पुष्कळ लोक आहेत, व्यर्थ. पिकअप खाली घेतल्याशिवाय इंटोनेशन लावूच नये.

फ्रेट: पहिल्या पाच फ्रेटची उंची कॅलिपरने, तारांच्या खाली जिथे खाच पडलीय तिथे. नवीन मीडियम जम्बो साधारण १.१७ मिमी असते. ०.७६ मिमीच्या खाली गेली तर लेव्हलिंगला, म्हणजे घासून समपातळी करायला, जागा उरत नाही, री-फ्रेट करावं लागतं. विकायची की ठेवायची याचा हिशोब खरा या आकड्यावर फिरतो, पिकअपवर नाही.

आकडे टाका, मग बोलू.

झिलई

एवढं मोजायचं असेल तर गिटार सोडून लेथ मशीन घ्या 😄

डाखवाला

चौथा पडदा यांना +१. पण ब्रिज पिकअप टोचण्याचं एक कारण मोजपट्टीत येत नाही. या मॉडेलला दोन टोन नॉब आहेत: एक नेक पिकअपचा, दुसरा मधल्याचा. ब्रिजला टोनच नाही! नॉब कितीही फिरवा, त्या जागेवर काही फरक पडत नाही.

उपाय दोन इंच वायरचा. पाच-मार्गी स्विचला दोन रांगा असतात. एका रांगेत पिकअपच्या गरम तारा येतात, दुसऱ्या रांगेतून टोन पॉटकडे (नॉबखालच्या भागाकडे) तारा जातात. त्या दुसऱ्या रांगेत मधल्या पिकअपचा लग (सोल्डर करायचा कान) आणि ब्रिजचा रिकामा लग एका छोट्या वायरने जोडा. आता दुसरा टोन मधल्याला आणि ब्रिजला दोन्हींना लागतो. तो ६-७ वर ठेवून गेन वाढवून ऐका, मग पिकअप बदलायचा का ते ठरवा. मूळ काहीच कापलं-तोडलं नाही, हवं तेव्हा वायर काढा.

सोल्डरिंगला ४० ते ६० वॉटचं आयर्न, रुंद टोकाचं. २५ वॉटचं पातळ आयर्न पॉटच्या पाठीवर नुसतं रेंगाळतं. सांधा कोल्ड राहतो आणि आतली कार्बनची पट्टी मात्र भाजते. ६०/४० रोझिन कोअर सोल्डर. नळकामाची ॲसिड पेस्ट अजिबात नको, काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं.

आता हम. तारांना हात लावला की हम कमी होत असेल तर ब्रिजचा ग्राउंड ठीक आहे, उरलेला आवाज सिंगल कॉइलचा आणि खोलीचा. हात लावल्यावर वाढत असेल तर ग्राउंडची वायर तुटलीय किंवा जॅकवर उलटी लागलीय. दुसरं, दोन आणि चार नंबरच्या स्विच जागांवर, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, हम जातो का पाहा. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथे जायला हवा. आणि ॲम्पचा प्लग तीन पिनांचाच हवा. हम घालवायला म्हणून अर्थची पिन काढणाऱ्यांनी हा उद्योग बंद करावा. बिघडलेल्या ॲम्पमध्ये तोच करंट तारांवर येतो, आणि तारांवर आपली बोटं असतात.

सह्याद्री९५

मी उलट बाजूने. धागाकर्त्याला जाड आवाज हवाय, गेन हवाय. त्यासाठी लांबी ६४८ मिमी, बोल्ट-ऑन नेक, सिंगल कॉइल हे तिन्ही चुकीचं. लेस पॉलची लांबी ६२८ च्या आसपास. सूर तोच असेल तर ताण लांबीच्या वर्गाने बदलतो, म्हणजे त्याच तारांवर जवळपास ६ टक्के कमी. बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) सोपी, आवाज गोल. स्ट्रॅटला हंबकर (हम घालवणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप) लावून लेस पॉल होत नाही. सुपातले जात्यात घालण्यापेक्षा सरळ अदलाबदल करा.

चौथा पडदा

स्ट्रॅटची लेस पॉल होत नाही, मान्य. पण त्यांनी लेस पॉल मागितली नाहीये. टोचणारा ब्रिज पिकअप बरा करायचाय. ताण कमी हवा असेल तर ९-४२ ऐवजी अर्धा गेज हलक्या तारा लावता येतात, ३५ हजार लागत नाहीत.

तरी अदलाबदल करायचीच असेल तर समोरची गिटार या ठिकाणी तपासा:

नटच्या (नेकच्या टोकाच्या, तारांच्या खाचांच्या पट्टीच्या) मागे, जिथे हेडस्टॉक मागे झुकतो, तिथे मोबाईलचा टॉर्च तिरका धरून केसासारखी रेघ शोधा. महोगनीचा नेक आणि मागे झुकलेला हेडस्टॉक, त्यात ट्रस रॉडसाठी कोरलेली जागा: लेस पॉल पडली की इथेच मोडते. दुरुस्ती चांगली झाली तर गिटार वर्षानुवर्षं टिकते, पण किंमत तुटलेल्या गिटारचीच द्यायची. रंग फक्त त्या पट्ट्यात नवा, जास्त चकचकीत दिसला तर विचारा.

ब्रिज किती खाली बसलाय? पूर्ण बसवलेला असून ॲक्शन तरी जास्त असेल तर नेकचा कोन बिघडलाय. बोल्ट-ऑन नेकला पाचर घालून हे दहा मिनिटांत होतं. चिकटवलेला नेक वाफेने सोडवून परत बसवावा लागतो, आणि ते काम गिटारच्या किमतीच्या हिशोबात बसत नाही.

ट्रस रॉडला दोन्ही दिशांना थोडी जागा उरलीय का तेही तिथेच पाहा. विकणारा हात लावू देत नसेल तर सौदा नको.

एडिसनकर

शिसवीबद्दल थोडं अवांतर. गिटार परदेशी नेणार असाल तर जुन्या धाग्यांमधली माहिती कालबाह्य आहे. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया (शिसवाच्या) वंशातली सगळी लाकडं साइट्स या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात आली, म्हणून त्या काळात मेक्सिकन गिटारींवर पाऊ फेरो हे दुसरं लाकूड दिसू लागलं. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये आहे आणि त्याला ही सूट लागू नाही. २०१२ च्या स्टँडर्डवर ते नसतं, त्यामुळे काळजी नको.

तुमच्या फिंगरबोर्डचं लाकूड बहुधा आपल्याच दक्षिणेकडून गेलेलं असेल. घाटात उगवलं, मेक्सिकोत बसलं, परत आलं.

रॉकेट_राजा

सरळ फ्लॉइड रोझ (तारा आवळून धरणारा ट्रेमोलो) बसवा, ट्युनिंगची कटकट कायमची संपेल.

डाखवाला

राजे, स्ट्रॅटच्या बॉडीत राउटर घालावा लागेल, नटच्या जागेवर लाकूड कापावं लागेल. परत फिरणं नाही. विकताना किंमत खाली, ठेवली तर प्रत्येक तार बदलताना ॲलन की. सहा स्क्रूंचा ट्रेमोलो नीट बसवला तर सुरात राहतो. नीट बसवलेला फार कमी दिसतो, एवढंच.

मंद्र

आकडे घेतले.

रिलीफ ०.४५ मिमी. ॲक्शन दोन्ही बाजूंना १.८. ब्रिज पिकअप जाड बाजूला १.१ आणि बारीक बाजूला १.० मिमीवर होता! फ्रेट सर्वात झिजलेली दुसरी, ०.९५ मिमी. ब्रिज पिकअप उलटा केला, खाली पट्टीसारखा चुंबक चिकटवलेला आहे. मल्टिमीटरवर ६.३ किलोओहम. जी तार सुरात लावताना नटवर "टिंग" आवाज येतो. ट्रेमोलोचे सहाही स्क्रू घट्ट पिळलेले आहेत, मागे प्लेटला हलायला जागाच नाही.

जोडवायर लावली. टोन ६ वर टोचणं बऱ्यापैकी गेलं, पण गेनला अजून पातळ वाटतो.

चौथा पडदा

मग प्रश्न बराच सुटला. पिकअप खाली घ्या (२ आणि १.६), दुहेरी सूर जाईल. रिलीफ ०.२५ वर आला की ॲक्शन आपोआप १.६-१.७ ला येईल. फ्रेटमध्ये अजून दम आहे, लेव्हलिंगची आज गरज नाही.

जी तारेचं निदान असं करा. दांडा खाली दाबून सोडल्यावर तार चढलेली राहते, आणि बेंड केल्यावर उतरलेली राहते, असं असेल तर दोष नटचा. तार खाचेत अडकते. बेंडनंतर उतरलेली असताना नट आणि ट्यूनर यांच्या मधली तार बोटाने दाबून सोडा. सूर परत जागेवर आला तर शंकाच नको.

जी तार ०.०१६ इंच आहे, खाच ०.०१८ ते ०.०१९ हवी. फाइलचा संच नसेल तर ०.०१४ च्या जुन्या तारेला ८०० चा पॉलिश पेपर गुंडाळा आणि खाचेतून हेडस्टॉककडे, त्याच उतारात, चार-पाच वेळा ओढा. रुंदी वाढवायची, खोली नाही. तपासायला: तिसऱ्या फ्रेटच्या मागे तार दाबा, पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसली पाहिजे. फट अजिबात नसेल तर खुली तार खरखरेल आणि नट बदलावा लागेल. घाईत जास्त खोल गेलात तर खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू, पण ती मलमपट्टी. शेवटी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा.

ट्रेमोलो: तारा सैल करा. सहाही स्क्रू दोन फेरे वर घ्या. मग फक्त टोकाचे दोन स्क्रू खाली आणा, प्लेटला टेकले न टेकले इतके. प्लेट पुढची कड न उचलता मागे-पुढे सहज झुलली पाहिजे. मधले चार स्क्रू टोकाच्या दोघांपेक्षा मिमी-दीड मिमी वरच ठेवा. ते फक्त प्लेट सरकू न देण्यासाठी आहेत. सहाही पिळले की प्लेट स्क्रूंच्या डोक्यांखाली घासते आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबते. तुमच्याकडे हेच झालंय.

सूर लावून प्लेटच्या मागे ३.२ मिमी फट येईल असे पाठीमागचे क्लॉ (स्प्रिंगा धरणारी पट्टी) स्क्रू फिरवा. तारा ओढतात, स्प्रिंगा उलट ओढतात. एक बाजू बदलली की सगळे सूर हलतात, म्हणून पाव-अर्धा फेरा, सूर, परत पाव. तीन स्प्रिंगांवर ९-४२ ला हे होतं. तारा १०-४६ केल्या तर सहा तारांचा एकूण ताण ३८ किलोवरून ४६-४७ किलोला जातो. मग चौथी स्प्रिंग, रिलीफ आणि नटच्या खाचा सगळंच परत.

ट्रेमोलो वापरायचाच नसेल तर ब्लॉक आणि बॉडीच्या मध्ये मापाची लाकडी पाचर. प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन आपल्या स्ट्रॅटचा ट्रेमोलो असाच लाकडाने अडवून ठेवतो.

डाखवाला

पातळपणावर आता पिकअप. पट्टीचा चुंबक म्हणजे सिरॅमिक. पिकअपमधल्या सहाही दांड्या स्वतःच चुंबक असल्या तर अल्निको. सगळे तीन बदलायची गरज नाही. नेक आणि मधला पिकअप आवडत असेल तर हात लावू नका.

ब्रिजला सिंगल कॉइलच्या आकाराचा हंबकर घाला: सिमोर डंकनचा जेबी ज्युनिअर किंवा डिमार्झिओचा फास्ट ट्रॅक या जातीचा. पिकगार्ड कापायचा नाही, लाकूड कापायचं नाही. पूर्ण आकाराचा हंबकर हवा असेल तर वेगळा पिकगार्ड घ्यावा लागतो, त्याची सगळी भोकं जुळतीलच असं नाही, आणि बॉडीतली खाच पुरेशी मोठी आहे का तेही आधी उघडून बघावं लागतं.

जोडणी. डंकनची असेल तर काळी गरम, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओची असेल तर लाल गरम, हिरवी व उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकत्र. इथे लोक चुकतात: एका कंपनीचा तक्ता दुसऱ्या कंपनीच्या पिकअपला लावतात आणि एकच कॉइल वाजते किंवा काहीच वाजत नाही.

लावून झाल्यावर दोन नंबरच्या जागेवर, ब्रिज आणि मधला एकत्र असताना, आवाज डबक्यातल्यासारखा पोकळ आला तर फेज उलटी आहे. डंकनवर काळी आणि हिरवी अदलाबदल करा. उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या, तीही हलवली तर हम वाढेल.

पॉट २५० के (किलोओहम) चेच ठेवा. हंबकरला ५०० के हवेत हा नियम मोकळ्या, उजळ आवाजासाठी आहे. तुम्हाला तर उजळपणाच कमी करायचाय. पुढे वाटलं तर व्हॉल्यूमला ५०० के घालून सिंगल कॉइलच्या जागांवर ४७० के रेझिस्टर समांतर टाकता येतो, म्हणजे त्यांना साधारण २४२ के दिसतात.

पिकगार्ड उघडलाच आहे तर तांब्याची फॉइल लावून घ्या, चिकट बाजूही वीजवाहक असलेली. पट्ट्या एकमेकींवर ५ मिमी चढवा, मल्टिमीटरने सगळ्या एकसंध आहेत का पाहा, एक वायर पॉटच्या पाठीला. बंद केल्यावर गिटार एकदम गप्प झाली तर घाबरू नका: जॅकचा किंवा स्विचचा गरम लग फॉइलला टेकलाय. तिथे इन्सुलेशन टेप.

सह्याद्री९५

ठीक, आकडे पाहून माघार. पण पैशाचं बोला. यातलं विकताना परत किती मिळतं?

डाखवाला

जवळपास शून्य. समजा गिटार ४५ हजारांना जाते आणि २० हजारांचे भाग घातले, तर ६५ कोणी देत नाही. म्हणून मूळ पिकअप, स्क्रू, वायरसकट पिशवीत घालून केसमध्ये ठेवा. विकताना परत मूळ लावायचं, नवे भाग वेगळे विकायचे. क्लॅप्टनची "ब्लॅकी" तीन स्ट्रॅटचे भाग जोडून केलेली होती आणि २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली, पण ती वाजवणाऱ्याच्या नावावर. आपल्या नावावर कोण देणार!

चौथा पडदा

म्हणून माझा हिशोब असा: जे स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरने परत पूर्ववत होतं ते बिनधास्त करा. राउटर, री-फिनिश, हेडस्टॉकची भोकं मोठी करणं, यातलं काही करावंसं वाटलं तर ते ह्या गिटारवर नको. आणि नेक हाताला बसत नसेल, लांबी नकोशी असेल, तरच अदलाबदल; कारण तेवढंच सुधारता येत नाही. तुमचा नेक तर बसलाय.

हवामानाचंही धरा. आज लावलेला रिलीफ पावसाळ्यात मुंबई-कोकणात तसाच राहणार नाही. जूनअखेर आणि डिसेंबरात परत मोजा. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट, फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटाला लागतात. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्के बरं. सॅडलच्या (ब्रिजवरच्या तारेखालच्या तुकड्यांच्या) स्क्रूंना वर्षातून एकदा तेलाचा एक थेंब, नाहीतर दमट हवेत ते गंजून जाम होतात आणि मग ॲक्शन लावायला गेलं की ॲलन कीच फिरते.

मंद्र

नटची खाच आणि ट्रेमोलो झालं. दांडा दहा वेळा दाबून जी तार तीन सेंटच्या (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागांच्या) आत परत येतेय. दुहेरी सूर गेला. लेस पॉलवाल्याला नकार कळवला. फास्ट ट्रॅक मागवतोय.

एक शेवटचं: क्लॉचे स्क्रू फिरवताना बारीक बाजूचा एक पार घट्ट झालाय, स्क्रू-ड्रायव्हर घसरतोय. जोर लावू का?

डाखवाला

अजिबात नको. तारा पूर्ण सैल करा, स्प्रिंगा काढा, मग स्क्रू-ड्रायव्हरचं बरोबर मापाचं टोक घेऊन स्क्रू बाहेर काढा. आट्यांवर साबणाची वडी घासा आणि परत घाला. डोकं आधीच खराब झालं असेल तर त्याच मापाचे दोन नवे स्क्रू घ्या, दोन्ही बदला. आणि क्लॉला सोल्डर केलेली ग्राउंडची वायर या ओढाताणीत सुटली नाही ना, ते झाकण लावायच्या आधी बघा.